बेलिनीचे ‘निर्जनातील संत फ्रान्सिस’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोवान्नी बेलिनी या व्हेनिसच्या चित्रकाराने साधारण 1475 ते 1480 या काळात असिसीकर संत फ्रान्सिसचे एक चित्र रंगवले. दैवी दर्शनाच्या युरोपीय चित्रांत त्याचे स्थान वेगळे आहे, कारण ज्याचे दर्शन घडते आहे तोच चित्रात दिसत नाही. बहुतेक प्रश्न फिरून याच मुद्द्यावर येतात, म्हणून पुढच्या उत्तरांत या एकाच चित्राला सर्वाधिक जागा दिली आहे.

चित्र नेमके कसे आहे आणि कुठे आहे?

लाकडी फळीवर तैलरंग, उंची 124.6 सेंमी, रुंदी 142 सेंमी. म्हणजे साधारण चार फूट एक इंच गुणिले चार फूट आठ इंच. न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शनमध्ये, लिव्हिंग हॉल नावाच्या दालनात ते टांगलेले आहे. हेन्री क्ले फ्रिक या उद्योगपतीने ते 1915 मध्ये विकत घेतले आणि त्याचे राहते घर 1935 मध्ये संग्रहालय म्हणून सर्वांना खुले झाले. खाली डाव्या बाजूला फांदीला अडकवलेल्या कागदाच्या चिटोऱ्यावर चित्रकाराची लॅटिन सही आहे: योआनेस बेलिनुस.

संत फ्रान्सिस म्हणजे गोव्यातले संत फ्रान्सिस झेवियर का?

नाही. गोव्याशी ओळख असलेल्या वाचकांची ही गफलत इतकी होते की तिचे उत्तर आधीच दिलेले बरे. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेत ज्यांचे अवशेष आहेत ते फ्रान्सिस झेवियर (1506 ते 1552) जेझुइट होते. चित्रातला संत त्यांच्या सुमारे तीनशे वर्षे आधीचा. इटलीतल्या असिसी गावी 1181 किंवा 1182 मध्ये कापड व्यापाऱ्याच्या घरी जन्मला, घरदार सोडून दारिद्र्याचे व्रत घेतले, फ्रान्सिस्कन संघ उभा केला, 1226 मध्ये वारला. दोनच वर्षांनी, 1228 मध्ये, पोपने त्याला संत म्हणून जाहीर केले.

चित्रात कोणता प्रसंग आहे?

1224 च्या सप्टेंबरात, क्रुसाच्या सणाच्या सुमारास, फ्रान्सिस टस्कनीतल्या ला वेर्ना या डोंगरावर उपास आणि प्रार्थना करत होता. परंपरा सांगते की त्याला सहा पंखांच्या सेराफ या देवदूताच्या रूपात क्रुसावरच्या ख्रिस्ताचे दर्शन झाले आणि ख्रिस्ताच्या पाच जखमांच्या खुणा त्याच्या हातांवर, पायांवर आणि कुशीवर उमटल्या. या खुणांना स्टिग्माटा म्हणतात.

बेलिनीच्या आधीच्या दोनशे वर्षांत हा प्रसंग रंगवण्याचा साचा पक्का झाला होता. पॅरिसच्या लूव्रमधले जोत्तोचे चित्र पाहा (313 गुणिले 163 सेंमी, मूळचे पिसाच्या फ्रान्सिस्कन चर्चमधले). वर पंखधारी ख्रिस्त आहे, खाली गुडघा टेकलेला संत, आणि जखमेपासून जखमेपर्यंत आखलेल्या सरळ सोनेरी रेषा. अनेक चित्रांत बाजूला ब्रदर लिओ हा सोबतीही असतो, कधी वाचत बसलेला, कधी झोपलेला. हा साचा बेलिनीला चांगला ठाऊक होता, कारण त्याने स्वतः काही वर्षे आधी पेझारोच्या वेदीचित्राच्या तळपट्टीत हाच प्रसंग सेराफासकट रंगवला होता.

फ्रिकमधल्या चित्रात मात्र सेराफ नाही, रेषा नाहीत, लिओ नाही. संत गुडघे टेकून नाही, उभा आहे. दोन्ही हात खाली किंचित पसरलेले, तळवे उघडे, छाती पुढे, ओठ थोडे विलग, नजर डावीकडे वर. तळव्यांवर खुणा आहेत, पण त्या इतक्या बारीक की साध्या छापील प्रतीत दिसतही नाहीत.

मग दर्शन दिसते कुठे?

उजेडात. चित्र पाहताना क्रम पाळला तर हे लवकर कळते. आधी डावा वरचा कोपरा पाहा. तिथे ढगांतून किरण फुटलेले आहेत. त्यांच्या खाली डाव्या कडेला लॉरेलचे झाड आहे, एका बाजूने उजळलेले आणि आत कललेले. मग संताच्या चेहऱ्याकडे आणि छातीकडे या. तिथे उजेड थेट समोरून पडतो. नंतर त्याच्या मागची सावली पाहा आणि मेजाची सावली तिच्याशी ताडून बघा. शेवटी दूरवरच्या नगराकडे जा, जिथे बुरूज आणि तटबंदी शांत, स्वच्छ उजेडात आहेत.

या उजेडामागे एक जुनी कथा आहे. फ्रान्सिसविषयीच्या चौदाव्या शतकातल्या इटालियन कथांत सांगितले आहे की त्या रात्री अख्खा ला वेर्ना डोंगर पेटल्यासारखा उजळला आणि भोवतीच्या दऱ्या दिवसासारख्या दिसू लागल्या. कळपाची राखण करणाऱ्या मेंढपाळांनी तो प्रकाश पाहिला. धर्मशाळेत उतरलेल्या खेचरवाल्यांना वाटले सूर्य उगवला, म्हणून त्यांनी उठून जनावरांवर ओझी लादली. नंतर तो प्रकाश मावळला आणि खरा सूर्य वर आला. आता चित्राच्या मध्यभागी परत या: तिथे गाढव उभे आहे आणि त्याच्या पलीकडे मेंढपाळ आपला कळप घेऊन आहे. ही दोन माणसा-जनावरांची चित्रे केवळ निसर्गाच्या हौसेखातर आली, असे आम्हाला पटत नाही.

काही जण म्हणतात हा स्टिग्माटाचा प्रसंगच नाही. त्यांचे म्हणणे काय?

मते मुख्यतः तीन आहेत. पहिले वर आले. दुसरे असे की जखमा आधीच उमटून गेल्या आहेत आणि संत सृष्टीच्या स्तुतीचे गीत गातो आहे. 1225 च्या सुमारास रचलेल्या त्या गीतात फ्रान्सिसने सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हटले आहे. उघडे ओठ आणि भोवतीची झाडे-जनावरे या मताला धरून आहेत. तिसरे मत बायबलमधला संदेष्टा मोशे याच्याकडे बोट दाखवते. जुन्या करारात होरेब डोंगरावर मोशे कळप चारत असताना जळते पण न करपणारे झुडूप पाहतो आणि देव त्याला पायतण काढायला सांगतो. इथे संत अनवाणी आहे, त्याची पादत्राणे मेजाखाली काढून ठेवलेली आहेत, झाड उजेडाने पेटल्यासारखे आहे, मेंढपाळ आहे आणि खडकातून पाणी झिरपते आहे.

ही मते एकमेकांना छेद देत नाहीत, असे आमचे मत. फ्रान्सिस्कन लेखक फ्रान्सिसला नवा मोशे समजत होतेच. पण एकच निवडायचे झाले तर आम्ही पहिले निवडू, कारण किरणांचा कोपरा, उघडे तळवे आणि मेंढपाळ या तिघांचा मेळ त्यातच बसतो.

वरची कड कापल्यामुळे सेराफ नाहीसा झाला असेल का?

असा तर्क पूर्वी झाला होता. जुन्या फळ्यांच्या कडा चौकटीत बसवताना तासल्या जातात हेही खरे. पण आज बहुतेक अभ्यासक तो तर्क मानत नाहीत, आणि ते चित्रावरूनच समजते. किरण ढगांतून निघून चित्रात उतरतात. त्यांचा उगम कोपऱ्यात रंगवलेला आहे आणि संताची नजरही तिकडेच जाते. वर अजून एखादी आकृती असती तर हा कोपरा निरर्थक ठरला असता.

मेजावर आणि भोवती काय काय आहे?

साध्या फळ्यांचे वाचनाचे मेज. त्यावर मानवी कवटी आणि पुस्तक, शेजारी उंच बारीक क्रूस आणि काट्यांचा मुकुट. कवटी मृत्यूची आठवण देते, मुकुट ख्रिस्ताच्या यातनांची. मागे खडकात कोठडी, तिच्या पुढे काठ्यांचा मांडव, त्यावर द्राक्षवेल. मांडवाला घंटा आहे आणि तिची दोरी खाली लोंबते. मेजाखालची पादत्राणे लाकडी आहेत. फ्रान्सिस्कन संघातल्या कडक नियम पाळणाऱ्या शाखेचे साधू अशीच पादत्राणे घालत आणि इटलीत त्यावरूनच ओळखले जात. कमरेच्या दोरीला तीन गाठी असतात: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन.

प्राण्यांत गाढव आणि राखी बगळा सहज सापडतात. ससा शोधावा लागतो. संताच्या उजव्या हाताच्या खाली, दगडी बांधाच्या भोकातून तो डोके बाहेर काढतो. खाली डाव्या कोपऱ्यात पाण्याच्या धारेपाशी एक छोटा पक्षी आहे.

हे चित्र चर्चसाठी होते का?

नाही, आणि हे लक्षात ठेवले की बऱ्याच गोष्टी उलगडतात. झुआन मिकिएल या व्हेनिसच्या सरदाराने ते करवून घेतले. 1525 मध्ये मार्कान्तोनिओ मिकिएल या कलारसिकाने ते ताद्देओ कोन्तारिनीच्या घरी पाहिले आणि जवळच्या भूदृश्याच्या बारीक कामाची नोंद करून ठेवली. म्हणजे हे घरात, हाताच्या अंतरावरून, पुनःपुन्हा पाहण्याचे चित्र होते. चर्चच्या वेदीवरचे चित्र दूरवरच्या भाविकाला क्षणात कळावे लागते, म्हणून तिथे सेराफ मोठा काढावा लागतो. घरातल्या चित्रात ससा लपवता येतो.

पोपने स्टिग्माटाच्या चित्रांवर बंदी घातली होती, हे खरे का?

अर्धे खरे. 1471 ते 1484 या काळात पोप असलेला चौथा सिक्स्टस स्वतः फ्रान्सिस्कन होता. 1470 च्या दशकात त्याने सिएनाच्या संत कॅथरीनला अशा खुणांसह रंगवण्यास मनाई केली, म्हणजे हा मान फ्रान्सिसपुरता राहावा. कॅथरीन डोमिनिकन संघाची, त्यामुळे त्या संघाला हे अर्थातच रुचले नाही. बेलिनी हे चित्र करत होता तो याच वादाचा काळ.

अशा चित्रांतला संत कोण, हे कसे ओळखावे?

आधी कपडे पाहा, मग हातातली वस्तू, मग जनावर. राखी किंवा तपकिरी झगा, गाठींची दोरी आणि तळव्यांवर जखमा असतील तर फ्रान्सिस. तोच झगा पण हातात लिलीचे फूल किंवा बाळ येशू असेल तर पादुआचा अँथनी. पांढरा झगा, मेजाशी लिहीत बसलेला आणि समोर मरिया असेल तर क्लेअरव्होचा बर्नार्ड. हा विषय फिलिप्पिनो लिप्पीने 1480 च्या दशकात फ्लॉरेन्सच्या बादिया चर्चमधल्या चित्रात फार सुंदर हाताळला आहे, आणि चित्राचा खर्च करणारा पिएरो देल पुलिएसे खाली उजव्या कोपऱ्यात हात जोडून उभा आहे. लाल टोपी, सिंह आणि हातात दगड असेल तर जेरोम. वाद्ये असतील तर सेसिलिया. बोलोन्यातल्या राफाएलच्या चित्रात तिच्या हातातल्या ऑर्गनच्या नळ्या निसटत आहेत, कारण तिचे कान वरच्या देवदूतांच्या गाण्याकडे लागले आहेत.

एक चूक टाळा. पांढरे संगमरवर, ढगांवर रेललेली संत तेरेसा आणि बाण घेतलेला देवदूत हे बेर्निनीचे शिल्प 1647 ते 1652 मधले, म्हणजे बरोक काळातले. रेनेसाँच्या यादीत ते घालू नये.

रंग इतके ताजे कसे राहिले? काम कसे केले जाई?

इटलीत फळीसाठी बहुधा पॉपलरचे लाकूड वापरत. फळ्या वाळवून, सरेसाने जोडून, त्यावर जिप्सम आणि सरेसाचे अस्तर देत. त्याला जेसो म्हणतात. अस्तर घासून हस्तिदंतासारखे गुळगुळीत झाले की त्यावर कुंचल्याने रेखाटन, मग पातळ तैलरंगाचे थर. जवस किंवा अक्रोडाचे तेल हळू वाळते, म्हणून रंग एकमेकांत मिसळून उजेडाच्या सूक्ष्म छटा काढता येतात. अंड्याच्या बलकातला टेम्परा काही क्षणांत वाळतो, त्यात छटा बारीक रेघांनीच साधाव्या लागतात. व्हेनिसमध्ये तैलरंगाने जोर धरला तो याच दशकांत, आणि तैलरंगात पारंगत असलेला चित्रकार आंतोनेल्लो दा मेस्सिना 1475-76 मध्ये तिथे काम करत होता. बेलिनी ओल्या रंगावर बोटे टेकवून कडा मऊ करत असे. त्याच्या कितीतरी चित्रांत ठसे सापडले आहेत.

त्या काळचे रंगद्रव्य म्हणजे शिशाचा सफेदा, हिंगूळ, जंगाल (तांब्याचा हिरवा गंज), आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानच्या बदख्शानमधून येणारा राजावर्त हा निळा दगड. राजावर्ताचे व्हेनिस हे युरोपातले मुख्य बंदर. बिघडते ते बहुधा जंगालापासून केलेले हिरवे, ते कालांतराने तपकिरी पडते. तेव्हाच्या चित्रांतली पाने आज करपल्यासारखी दिसली तर ती चित्रकाराची इच्छा होती असे समजू नये. लाखेचे तांबडे उजेडाने विटते. वरचे वॉर्निश पिवळे पडते आणि निळ्या आकाशाला हिरवट करते.

रंगाच्या खाली काय आहे ते कसे पाहतात?

इन्फ्रारेड किरण बरेच रंग भेदून जातात पण काजळीच्या काळ्यात शोषले जातात, त्यामुळे खालचे रेखाटन दिसते. क्ष-किरण शिशाच्या सफेद्यात अडतात, त्यावरून कुठे बदल केला ते कळते. या चित्राची अशी तपासणी 2010 मध्ये न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या प्रयोगशाळेत झाली आणि 2011 मध्ये फ्रिकने त्यावर प्रदर्शन भरवले.

या पद्धतीने स्वतः फळी तयार करायची आहे. प्रमाण काय?

सरेस एक भाग, पाणी बारा भाग, वजनाने. रात्रभर भिजवा, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून वितळवा. उकळू देऊ नका, उकळलेल्या सरेसाची पकड जाते. याचा एक हात फळीच्या दोन्ही बाजूंना द्या. मग कोमट सरेसात जिप्सम किंवा खडूची बारीक पूड हळूहळू बुडू द्या. पातळ सायीइतके दाट झाले की पुरे. जोरात ढवळले की बुडबुडे येतात आणि वाळल्यावर टाचणीसारखी भोके पडतात. सहा ते आठ पातळ हात द्या, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. सगळे हात एकाच मिश्रणातून आले पाहिजेत. वरच्या हातात सरेस जास्त झाला तर तो आकसून खालच्याला ओढतो आणि तडे जातात. पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिशकागदाने घासा.

रंगवताना खालच्या थरांत तेल कमी, वरच्यांत जास्त. उलटे केले की वरचा थर आधी वाळतो आणि फाटतो. शिशाचा सफेदा विषारी आहे, शिकताना टायटॅनियमचा पांढरा वापरा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात हे काम सुरू करू नका. दमट हवेत सरेसाला बुरशी येते, आणि मागची बाजू उघडी राहिली तर फळी वाकते.

न्यूयॉर्कला न जाता चित्र नीट कसे पाहावे?

गूगलच्या कलाप्रकल्पात 2011 मध्ये फ्रिकने हेच चित्र बारीकसारीक तपशील दिसेल अशा अतिशय मोठ्या रूपात दिले. मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर पाहा. आधी पाच मिनिटे पूर्ण चित्र, मोठे न करता. मग तळवे, ओठ, डावा कोपरा, ससा. लगेच ससा शोधायला गेलात तर उजेड निसटतो.

छापून भिंतीवर लावायचे असेल तर गुणोत्तर 1.14 ला 1 राखा, म्हणजे 57 गुणिले 50 सेंमी. 300 डीपीआयला साधारण 6,730 गुणिले 5,905 पिक्सेल लागतात. चकचकीत कागद टाळा. दुकानदार आकाश अधिक निळे करून देतो, त्याला रंगांना हात लावू नका असे आधीच सांगा. बाजारातल्या बऱ्याच प्रतींत डावी आणि वरची कड कापलेली असते. किरणांचा कोपरा गेला तर ती प्रत घेऊ नका.

न्यूयॉर्कमधल्या मराठी मंडळींनी जाताना काय पाहावे?

चित्राच्या दोन्ही बाजूंना टिशियनची दोन व्यक्तिचित्रे आहेत आणि समोर शेकोटीवर एल ग्रेकोचा संत जेरोम. तपस्वी कसा रंगवावा याची दोन टोके एकाच खोलीत आहेत, पाठ वळवून तेही पाहा. संग्रहालयात दहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो, त्यामुळे कुटुंबासह जाणाऱ्यांनी सध्याचे नियम आणि सुटीचा वार आधी तपासावा.

आपल्याकडे फ्रान्सिसची चित्रे कुठे आहेत?

जुन्या गोव्यात, से कॅथेड्रलच्या पश्चिमेला असिसीकर संत फ्रान्सिसचे चर्च आहे. फ्रान्सिस्कन साधू गोव्यात 1517 मध्ये आले. आजची इमारत 1661 ची, पण दरवाजा आधीच्या चर्चचा ठेवलेला आहे. आत संताच्या जीवनातले प्रसंग लाकडी फलकांवर रंगवलेले आहेत. मुख्य वेदीवर क्रुसावरचा येशू आणि फ्रान्सिस एकत्र आहेत, येशूचा एक हात क्रुसावरून सुटून संताभोवती आला आहे. बेलिनीने जे केवळ उजेडात सांगितले, ते इथे मिठीच्या रूपात स्पष्ट मांडले आहे. शेजारच्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे संग्रहालय असून ते शुक्रवारी बंद असते. चर्चमध्ये फ्लॅश वापरू नये, आणि फलक पाहायला सकाळचा उजेड घ्यावा.